पाण्यात पाहणं

आठ दिवस बोट. आठ दिवस वेंडेलिन.
नाश्त्यालाच तोंडाचा पट्टा सुरू:
नऊशे बारा बुड्या, लाल समुद्र, गालापागोस,
आणि इथली कॉफी किती पांचट.
कॉफी मार्सेला करते.
जर्मन कळत नाही, म्हणून हसते.

कॅमेरे धुवायच्या पिंपात
ह्याने थुंकलेला मास्क बुचकळला.
कोरियन बहिणी बोलल्या नाहीत काही,
आपापले कॅमेरे उचलून
पुढच्या डेकवर गेल्या.

मी आलोरचा गाइड.
माणसांना पाण्यात पाहणं हा माझा धंदाच.
ह्याला जरा जास्तच पाहिलं.

सव्वीस मीटरवर
तांदळाच्या दाण्याएवढा समुद्रघोडा.
वेंडेलिन आडवा, कोपरांनी सगळ्यांना सारत,
फोटो, फोटो, अजून एक.
मग वळला एकदम.
काटा लाल रेघेखाली.
डोक्यात हवा, टाकीत नाही.

माझी दुसरी नळी दिली त्याच्या तोंडात,
पट्टा धरून वर आणला.
पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं.
थांबलो. समोरासमोर, गप्प.
काचेआड त्याचे डोळे
बाजारात हात सुटलेल्या पोराचे.
तेवढी तीन मिनिटं
तो मला जवळजवळ आवडला.

रात्री जेवताना सांगत होता,
प्रवाह कसा भयंकर, गाइड कसा घाबरला,
धीर कसा ह्यानेच दिला.
मार्सेलाने माझ्या ताटात
एक जास्तीचं तळलेलं केळं वाढलं.
त्याच्याही.

मग त्याने वही पुढे केली, सहीसाठी.
बुडी नऊशे तेरा. खोली सव्वीस.
उरलेली हवा: शून्य.
शिक्का जरा दाबूनच मारला.