आठ सेकंदांची अहिराणी

धुळ्याला, देवपुरात, टायरच्या दुकानावर
आम्ही नऊ जण हेडफोन लावून बसतो
आणि माणसांच्या आवाजांना चिठ्ठ्या चिकटवतो.
आठ सेकंदांचा एक तुकडा. बटणं सहा :
आनंद, राग, दुःख, भीती, किळस, तटस्थ.
तुकड्यामागे पंच्याहत्तर पैसे.
कुठल्याशा यंत्राला अहिराणी शिकायची आहे,
आणि अहिराणीत माणसाला काय काय होतं, तेही.

पहिल्याच आठवड्यात एक बाई आली कानात :
"कितलांदाव सांगू तुले मुडदा, जेवी ले ना!"
मागे ताटली आपटल्याचा आवाज, स्टोव्हचा भरारा.
मी 'राग' दाबलं. कुणीही दाबलं असतं.
योगिनी मॅडमनी हिरवी खूण दिली.
रात्री बसमध्ये, फागण्याच्या आसपास,
खिडकीला डोकं टेकलेलं असताना लक्षात आलं,
की मुडदा म्हणतात ते
मुडदा होऊ नये म्हणून.
तुकडा परत मागता येत नाही.
आता कुठेतरी एक यंत्र आहे
ज्याला जेवायला वाढणारी बाई चिडलेली वाटते,
आणि ते मी केलंय.

माझा बाप हिलाल, सारंगखेड्याच्या बाजारात घोड्यांचा दलाल.
रुमालाखाली दोन हात. बोटांत आकडा,
तोंडाने गप्पा कपाशीच्या, जावयांच्या.
म्हणायचा, भाव बोटात नसतो पोरी,
बोट मिटायला जो उशीर लागतो, त्यात असतो.
एका साली शिरपूरकडच्या एका माणसाचा हात
रुमालाखाली इतका गार लागला
की बापाने रुमालच ओढून घेतला.
"घर लई जाय घोडी," म्हणाला. "आज इकशी, सकाय रडशी."
दलाली बुडाली.
आईने तीन दिवस भाजीत मीठ टाकलं नाही.
मी विचारलं, आबा, हा हिशेब होता की माया?
तो खरारा करत होता. मान न वळवता म्हणाला,
"त्या दोन्ही काय येगयेगळा ठाणवर बांधेल शेतस का?"

आणखी एक सांगायचा :
जे घोडं कशालाच बुजत नाही ते घेऊ नये.
तापीच्या काठावर घोडी अडते, कान मागे टाकते,
तेव्हा ती पाणी मोजत असते.
न बुजणारं घोडं शहाणं दिसतं,
सरळ चालतं,
आणि तुला पाठीवर घेऊन सरळ विहिरीत उतरतं.

हे मी योगिनी मॅडमना सांगितलं, चहाच्या वेळी.
त्या हसल्या. म्हणाल्या, वरती कळवते.
वरती म्हणजे कुठे, त्यांनाही ठाऊक नव्हतं.

काल तुकडा क्रमांक एक्केचाळीसशे सतरा.
पंख्याची घरघर. एक खोकला.
मग म्हातारा पुरुष : "बरं शे."
तीन सेकंद नुसता पंखा.
"बरं शे मन्हं."
संपलं.
नियम भिंतीवर लावलेला आहे : शंका असेल तर तटस्थ.
मी परत ऐकलं. परत.
ते पहिलं 'बरं' आणि दुसरं 'बरं' यांच्यामध्ये
एक अख्खं घर रिकामं पडलेलं होतं,
किंवा नसेलही, त्याला नुसती झोप आली असेल.
बोट 'दुःख'वर नेलं, 'भीती'वर नेलं.
स्क्रीनच्या कोपऱ्यात सेकंद मोजले जात होते.
एक्कावन्न सेकंदांनी मी 'तटस्थ' दाबलं.

वाटलं, निदान हा उशीर तरी पोचेल त्याच्यापर्यंत.
बटण खोटं, पण बोट थांबलं होतं, एवढं तरी.
संध्याकाळी कळलं :
चाळीसच्या वर गेलेली उत्तरं गाळतात.
कामगाराचं लक्ष नव्हतं, असं धरतात.

घरी जाताना बापाला फोन लावला.
कसा आहेस, विचारलं.
त्याच्याकडेही पंखा चालू होता.
"बरं शे," म्हणाला. मग बराच वेळाने,
"तुन्हं काम कसं शे?"

रुमाल नव्हता, हात नव्हते,
मध्ये ऐंशी-नव्वद किलोमीटर.
मीही म्हणाले, बरं शे.