एक दिवसाआड

बाबांची चावी अजून दाराआड उभी आहे,
आडव्या मुठीची, लोखंडी, माझ्या खांद्याइतकी.
पाटनीपुऱ्यात त्यांना शीलवंत म्हणून कुणी ओळखत नसे.
'नलवाले भिया', बस.

एक दिवसाआड पाणी. तेही कधी चुकायचं.
मग गल्लीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन आमच्या पायरीवर,
आणि बाबा अर्ध्या गालाला साबण ठेवून बाहेर:
"जलूदहून निघालंय. चढ आहे. येईल."

मला वाटायचं, लोकांना वाटेला लावायची ही रीत.
सातवीत होते तेव्हा एका रात्री
सायकलच्या दांड्यावर बसवून मला टाकीपाशी नेलं,
म्हणाले, लाव कान पाइपाला.
गार लोखंड. गंजाचा वास. बाकी काही नाही.
"काहीच ऐकू येत नाही."
"मलाही नाही येत," म्हणाले.
"पण खालून फोन आलाय, पंप सुरू झाला म्हणून."

उल्हास गेला तो जानेवारीत.
पीथमपूरचा कारखाना बंद, सगळीकडे उधारी,
आणि बाबांचा हात, आयुष्यात एकदाच उठलेला.
स्वेटर खुंटीवरच राहिला.

तेव्हापासून आमची प्रार्थना एका ओळीची झाली.
आई नावही घेत नसे. 'त्याला' म्हणायची फक्त.
त्याला थंडी वाजू देऊ नकोस, प्रभू.
मे महिन्यातसुद्धा.

रात्री बाबा शास्त्र उघडत,
चष्म्याची एक काडी दोऱ्याची.
त्यांचं पान ठरलेलं: परमुलखात म्हातारा झालेला तो भक्त,
तीन आठवडे गोड घास न घेतलेला,
मोठ्या नदीच्या काठी उभा,
आणि दूत येऊन त्याला सांगतो की
तुझं पहिल्याच दिवशी ऐकलं होतं,
मी निघालोही होतो,
वाटेत एकवीस दिवस अडवून धरलं मला.
तिथे बोट ठेवून बाबा वर बघत.
"लाइनीत अडचण होती, सुवार्ता.
पंप बंद नव्हता."

मी मोजले एकवीस दिवस.
मग एकवीस महिने.
मग कॅलेंडरवर फक्त दुधाचा हिशेब राहिला.

बाबांना पुरलं त्या दिवशी
मराठी उपासनेतले उरलेले आम्ही नऊ जण,
आणि पाटनीपुऱ्यातले दीडशे, डोक्याला रुमाल बांधून.
देव विश्वासू आहे, प्रत्येकाने माझा हात हातात घेऊन सांगितलं.
मला विचारायचं होतं,
आमच्या गल्लीची पाळी कधी?
विचारलं नाही. प्रार्थनेत डोळे मात्र मिटले नाहीत,
पंख्याची पाती मोजत राहिले. तीन होती. तीनच असतात.

आई अजून म्हणतेच ती ओळ.
मीही आमेन म्हणते. खोटं का सांगू,
पुष्कळदा सवयीने.
पण सवयीनेच तर मी पहाटे उठून
कोरड्या नळाखाली बादली ठेवते,
आणि तिला कुणी ढोंग म्हणत नाही.

काल पाण्याचा दिवस. चार वाजून दहा मिनिटं.
फोन वाजला. अनोळखी नंबर.
"कोण?"
पलीकडे कुणी बोललं नाही.
श्वास होता नुसता, अडखळत, थांबत, परत सुरू होत.

चुकून लागला असेल. कुणी दारुडाही असेल.
मी कापणार होते,
आणि मोरीतला नळ खाकरला.
तुम्हाला माहीत नसेल, आमच्याकडे पाणी
कधी एकदम येत नाही.
आधी हवा येते. फुसफुसते, शिंकते, गप्प होते.
नवीन भाडेकरू वैतागून तोटी बंद करतात.
बाबा ओरडायचे त्यांना: अहो, बंद नका करू,
तिच्या मागेच आहे ते!

मी फोन कानाला तसाच धरला.
म्हटलं, "आई जागी आहे."
म्हटलं, "स्वेटर आहे अजून."

आणि दुसऱ्या हाताने, आवाज होऊ न देता,
बादली जरा पुढे सरकवली.