कसे मिळाले

टाउन हॉलच्या म्युझियमात नोंदवहीला सात रकाने.
सहावा : कसे मिळाले.
एकोणीस वर्षं त्यात मी तीनच शब्द लिहीत आलोय.
सापडले. विकत घेतले. भेट.

कपाटातल्या ब्राँझच्या समुद्रदेवापुढं
माझ्या आधीच्या कुणाच्या तरी वळणदार अक्षरात
'सापडले.'
ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडला, खरंय.
पण समुद्र बघायचा तर जिथनं घाट उतरावा लागतो
तिथं याला कुणी, कुणाला, कशाबद्दल दिला?

फादर बर्नाबस घाटगे गुरुवारी येतात,
देवाशी लॅटिन बोलतात, हळू,
दवाखान्यात कुणाला भेटायला गेल्यासारखं.
मला म्हणाले, यांच्याकडं देण्याला फार शब्द.
स्ट्रेना : वर्षाच्या पहिल्या दिवशी अंजीर, मध, एखादं नाणं.
दसऱ्याचं सोनं की हो, मी म्हटलं, फक्त खाता येणारं.
झेनिया : पाहुण्याच्या खोलीत पाठवलेली अंडी, भाजी, फळं.
वानवळा.
दोनातीवुम : नवा राजा बसला की शिपायांना.
आमच्या गल्लीत राजा बसायच्या आदल्या रात्री येतं.
फादर हसले.
स्पोर्तुला : बड्याच्या दारात सकाळी उभं राहिलं
की मिळणारी टोपली.
इथं मी काही बोललो नाही.
नागाळा पार्कातलं एक फाटक आठवलं,
चिकटायच्या आधीची दोन वर्षं,
आणि साहेबांचा कुत्रा, जो मला ओळखायला लागला होता.

मग मूनुस.
देणगी. कामगिरी. मेलेल्यासाठी करायचं तेही.
एकाच शब्दात?
एकाच.

शनिवारी रिक्षातनं अनुबाई पोवार उतरल्या, गंगावेशीतल्या.
नातवाच्या खांद्यावर शिसवी मुद्गल,
मुठीजवळ घामानं काळा पडलेला.
जोडीतला दुसरा?
"त्येंच्यासंगं दिला. पंचगंगेवर.
लई वेळ जळत हुता."

मी पेन काढलं. भेट म्हणून लिहितो.
"भेट न्हवं. मी द्याय आलो न्हाई, पोचवाय आलो.
वस्तादांनी वापराय दिल्याला. तालीम पडली, वस्ताद गेलं.
देणं हाय त्येंचं."

देणं.
पेन कागदावर टेकलेलं, शाईचा ठिपका मोठा होत चाललेला.
बाहेर बागेत कुणाचं तरी पोर
घसरगुंडीवरनं उलटं चढत होतं.

लिहिलं. तेवढंच. दोन अक्षरं, एक अनुस्वार.
सोमवारी साहेब लाल शाईनं खोडतील,
वर 'भेट' लिहितील, खाली सही.

जाताना मी रिक्षाचे पन्नास रुपये पुढं केले.
खात्यातनं नव्हे, खिशातनं.
त्यांनी नोटेकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"आनि ह्येला काय म्हंत्यात?"

दोन्ही भाषांत शोधलं.
तोवर रिक्षा बिंदू चौकाकडं वळली,
नोट माझ्याच हातात.