आज कसला वास, बाबा

सत्तावीस वर्षं मी पावण्याच्या रंगाच्या कंपनीत
टाकीजवळ उभा होतो.
दोनदा अंघोळ केली तरी कानामागं पिवळं राहायचं.
त्या पगारात कोपरखैरण्यात एक खोली, एक स्वयंपाकघर झालं
आणि निशिगंधाचं इंजिनियरिंग.

हिवाळ्यात रात्री वारा पारसिकच्या डोंगराकडून सुटतो,
कंपन्यांवरून, रुळांवरून, थेट आमच्या खिडकीत.
साडेदहानंतर तिची छाती वाजू लागायची,
कुकरची शिट्टी नीट बसली नाही की वाजतो तशी.
सुलभा नेब्युलायझर लावायची.
मास्कमधून पोर विचारायची,
आज कसला वास, बाबा?
मी फटीला नाक लावून सांगायचो.
कुजकी अंडी, म्हणजे सल्फाइड.
कडू बदाम, म्हणजे नायट्रोबेन्झीन.
ती आतल्या आत हसायची, वाफ हलायची.
आमच्या मालाचा वास मात्र मी कधी ओळखला नाही.
म्हणायचो, शेजारच्यांचा आहे.

विनिपेगला निघाली तेव्हा बॅगेत चार पंप दिले.
पहिल्या हिवाळ्यात एकही उघडला नाही.
उणे तीसमध्ये रस्त्यावर उभी राहून म्हणाली, ऐका,
आणि फोन छातीला लावला.
काहीच ऐकू आलं नाही.
सुलभानं देवापुढं साखर ठेवली.
मी मोरीत नळ सोडून बराच वेळ बसलो.

मग कोपराच्या लवणीत कातडी फुटू लागली.
हीटरची कोरडी हवा,
सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके.
तिसऱ्या वर्षी तिकडची झाडं फुलली
आणि डोळे सुजून मिटले.
तिथली डॉक्टर म्हणाली,
नव्या झाडांशी वाकडं यायला
शरीराला दोन-तीन वर्षं लागतात,
आधी ओळख तर व्हायला हवी.
सुलभा म्हणाली,
सासरसारखंच की.

गेल्या डिसेंबरात आली, तीन आठवडे.
पाचव्या दिवशी कोपरं मऊ झाली.
आईनं बोट दाबून पाहिलं,
कणीक भिजली का बघतात तसं.
सहाव्या रात्री छाती वाजली.

नेब्युलायझर आम्ही कधीच देऊन टाकला होता,
तिसऱ्या मजल्यावर, गायकरांच्या नातवाला.
अकरा वाजता त्यांची बेल वाजवून तो मागून आणला.
मास्क लहान पोराचा, त्यावर हत्तीचं स्टिकर,
तिच्या चेहऱ्याला पुरेना. हातानं धरून बसली.
या वेळी तिनं विचारलं नाही.
मीच खिडकीशी गेलो, मीच म्हणालो,
हा आमच्या कंपनीचा आहे.
तेव्हाही बऱ्याचदा आमचाच असायचा.

यंत्र घरघरत होतं.
तिनं मास्क जरा बाजूला केला.
माहीत होतं, बाबा.
तुमच्या शर्टाला तोच यायचा.

आता सुलभा जिन्यात बायकांना सांगते,
आमच्या निशूची कातडी इकडची, छाती तिकडची.
वाटणीत जमीन गेल्यासारखं सांगते.
माझ्या पायाच्या भेगांना मी लावतो
तिची राहिलेली मलमाची बरणी.
वास नसलेलं मलम. खरंच कसलाच वास नाही,
पहिल्यांदा मी तीनदा हुंगून पाहिलं होतं.

काल फोन आला. इथं रात्र, तिथं सकाळ.
स्पीकरवर ठेवून ती डबा भरत होती,
बर्फ, बस, ऑफिस, असं काहीबाही सांगत होती.
मधेच बारीक आवाज,
खर्र, खर्र.
म्हटलं, खाजवू नकोस.
थांबला.
मग तिनं विचारलं, तिकडं आज कसला वास?
मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो, सांगत होतो,
आणि तिकडं तो पुन्हा सुरू झाला,
हळू,
मला ऐकू जाणार नाही असं तिला वाटावं, इतका.