भावे प्रयोग

पट सतरावर आला तेव्हा नारायण पेठेतली शाळा मिटली
आणि मी अतिरिक्त ठरले. सरकारी शब्द आहे तो.
सव्वीस वर्षं भागून झाल्यावर
बाकी उरते, तशी.

आता बस बंडगार्डनच्या पुलावरून येरवड्याकडे वळते.
खाली जलपर्णी. नदी कुठे आहे ते विचारायचं नाही.
फाटकावर मोबाइल, पर्स,
डब्यातल्या पोळीचीसुद्धा घडी उलगडून बघतात.
कर्कटक तर पहिल्याच दिवशी काढून घेतला.
"मग वर्तुळ कसं काढू?"
शिपाई म्हणाला, "बांगडी आहे की हातात."
तेव्हापासून आमची सगळी वर्तुळं
दोन-सहाच्या मापाची.
त्यांना केंद्र नसतं. अंदाजाने ठिपका देतो.

खडू मोजून आत चार, मोजून बाहेर चार.

हजेरी मात्र मी अजून शाळेसारखीच घेते.
तिथे न येणाऱ्याला आईची चिठ्ठी आणावी लागे.
इथे कुणी आला नाही की बाकीचे
एकमेकांकडे बघून हळूच म्हणतात, जामीन झाला असेल.
मीही रकान्यात गैरहजर लिहिताना
तसंच काहीसं मनात म्हणते.

सतरा नंबरचा फॉर्म भरणाऱ्यांच्या यादीत
एक नाव होतं: कुदळे विक्रांत.
माझ्या सातवी ब मध्ये एक होता,
तिसऱ्या बाकावर, दप्तरभर शाई सांडणारा.
दोन रात्री झोप नाही.
मग नाव पुकारलं आणि उठला एक पन्नाशीचा,
टक्कल पडलेला, अनोळखी माणूस.
मला हायसं वाटलं.
ते त्याने पाहिलं.

व्याकरणाच्या तासाला हाताने सवयीनेच लिहिलं फळ्यावर:
शिपायाने चोरास पकडले.
खडू थांबला तोवर उशीर झाला होता.
मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, हा धडा झालाय आमचा."
अख्खी बराक हसली. दारातला शिपाईसुद्धा,
टोपी काढून, डोळे पुसत.
मला पुसून टाकता आलं असतं.
पण उदाहरण चांगलं आहे, वर्षानुवर्षं चालत आलेलं.
म्हणून शिकवलं.
चोर दहा असोत, पकडणारी बाई असो,
'पकडले' तसंच राहतं.
ते कर्त्याचं ऐकत नाही, कर्माचंही नाही.
नपुंसकलिंगी, एकवचनी,
आपलं एकटं वाक्याच्या टोकाला उभं.
आता कुणी हसत नव्हतं.
कुदळेने विचारलं, "म्हणजे केलं कुणी,
त्याने त्याला फरक पडत नाही?"
मी म्हटलं, क्रियापदाला नाही पडत.

घरी करायला दिलं होतं: भावे प्रयोगाचं एक वाक्य, स्वतःचं.
घरी, असं मी खरंच म्हणाले. कुणी दुरुस्त केलं नाही.

कुदळेची वही चार घड्या घातलेली आली.
अक्षर मोठं, ओळ सोडून खाली उतरत गेलेलं.
चार शब्द. त्यात एक नाव.
मी ते इथे लिहिणार नाही.
दोनदा वाचलं. तृतीया बरोबर, द्वितीया बरोबर,
शेवटच्या शब्दावर अनुस्वारही जिथल्या तिथे.
लाल पेनाने बरोबरची खूण केली.
वाक्य बरोबर होतं.

निघताना फाटकावर खडू मोजले.
साडेतीन भरले.
शिपायाने माझ्या बोटांकडे पाहिलं
आणि वहीत लिहिलं: चार.