रकाना सातवा

सीपीआरच्या मागच्या खोलीत, रात्री दोननंतर,
मी गेलेल्यांचे फॉर्म भरत असे.
सहव्याधी : असल्यास खूण करा.

इलाही शिकलगार, एकसष्ट. साखर, होय. रक्तदाब, होय.
वजनाची जागा मोकळी,
काटा वरच्या वॉर्डात होता, खाली कुणी आणला नाही.
बत्तीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत, मोल्डिंगला.
डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला,
म्हणाल्या, हे आधीचंच आहे.
वाळूला रकाना नव्हता.
मी 'इतर'मध्ये लिहिलं : वाळू.
सकाळी साहेबांनी खोडलं. संगणक घेत नाही म्हणाले.

तायव्वा मगदूम. सिगरेट, नाही. बिडी, नाही.
मिसरी तेवढी, सून म्हणाली,
आणि चाळीस हंगाम गुऱ्हाळावर चिपाडं वाळवत,
चुलवाणाच्या धुरात.
मी खूण केली : व्यसन नाही.

लक्षणांपासून दाखल होईपर्यंत दिवस : नऊ.
एवढाच आकडा मावतो तिथं.
दोन दिवस गार पाणी पिल्यानं झालं असेल म्हणून,
दोन दिवस गल्लीला पत्रे लागतील म्हणून,
एक दिवस रिक्षावाला नको म्हणाला म्हणून.
राहिलेले चार असेच :
बोटाला लावायचं यंत्र गल्लीत एकच,
ते शेजारी, आणि शेजाऱ्यांशी
गटारीवरनं बोलणं बंद.

मग हुपरीचा संमेद. पैंजणांना डाक लावायचा.
वय चौतीस.
साखर नाही, दाब नाही, दमा नाही, किडनी नाही.
फॉर्म इतका कोरा की मला वाटलं चुकून दुसऱ्याचा आला.
त्याची आई दाराशी उभी होती,
'मग कशानं, साहेब?'
मी साहेब नव्हे, हेही मला सांगता आलं नाही.
पेनाला सॅनिटायझर लागलं होतं,
त्याच्या नावातला 'सं' फुटून पसरला.

माझं वय सत्तावन्न. साखर दोनशे चाळीस.
खोल्या दोन, माणसं सहा,
हे कुठं विचारत नाहीत.

एका पहाटे घरी आलो, चपला बाहेरच ठेवल्या
आणि सहा वर्षांनी केसरकरांची कडी वाजवली.
त्यांनी खिडकीतनं बघितलं. दार उघडलं नाही.
'तुमच्याकडं ते बोटाचं यंत्र आहे का?'
'न्हाई.'
'माझ्याकडं आहे,' म्हटलं. 'रात्रीअपरात्री हाक मारा.'

खाली गटार तशीच तुंबलेली.
तिच्यावरनं पाय उचलून मी आत गेलो.