कळ्या

गोळीबार चौकात माझं बिछायत केंद्र.
छत्तीस वर्षं. बांबू, कनाती, गाद्या, गंज, पराती,
लग्नाचा लाल गालिचा आणि तेरवीची पांढरी चादर
एकाच खोलीत, एकमेकांशी न बोलता.

फेब्रुवारीत डॉक्टर चाफल्यांची सून आली,
मोबाईल माझ्या चष्म्यापुढे धरला:
इंग्लंडातलं कुठलंसं खेडं, हिरवा उतार,
उतारावर पांढरा गोल तंबू,
आत पितळी पलंग, लोकरी पांघरूण, आरसा,
मागे मेंढ्या, बारीक पावसात चरत असलेल्या.
"काका, अगदी असंच हवं. आपल्या काटोल रोडच्या बगिच्यात.
एका रात्रीचे लोक सात हजार देतात."

मी म्हटलं, बाई, तंबूत पलंग?
आपल्याकडे तंबूत माणूस झोपतो तेव्हा
एकतर वऱ्हाड उशिरा पोचलेलं असतं
नाहीतर घरात मयत.
ती हसली. त्याला ग्लॅम्पिंग म्हणतात म्हणाली.
मी वहीत लिहून घेतलं:
ग्लॅम्पिंग एक नग, ॲडव्हान्स पाच हजार.

मन्सूर मास्टरनं आधी संत्रं सोललं,
फोडी न तोडता टेबलावर पालथं ठेवलं,
बराच वेळ नुसता बघत राहिला.
संत्र्याला दहा फोडी. तंबूला कळ्या बत्तीस.
मग मशीन तीन आठवडे थांबलं नाही,
मधले रोजे धरून.

तंबू उभा करायला एप्रिल उजाडला.
जमीन तोवर फाटलेली.
पहिली खुंटी भेगेत गेली ती कोपरापर्यंत,
दुसरीनं हातोडीच परत पाठवली.
त्या फोटोतली माती ओली असणार,
खुंटी धरत असेल लेकरानं बोट धरावं तशी.
मी वाळूची पोती बांधली,
दोर ड्रिपच्या नळीवरून जाऊ दिला नाही.

लोकरी पांघरूण यादीतून खोडलं.
लिहिलं: कूलर एक, वाळ्याच्या ताट्या दोन, माठ.
"काका, कूलर फोटोत दिसायला नको."
म्हटलं, मागे ठेवतो.
आवाज फोटोत येत नाही.

पाहुणे शनिवारचे. शुक्रवारी राखणीला कोणी थांबेना,
पोट्टे म्हणाले, रोही येतात तिकडे, नको बा.
मी सिंधूला स्कूटरवर बसवून आणलं,
डब्यात भाकर, झुणका, दोन कांदे.

माझा एकही मांडव तिनं आतून पाहिलेला नव्हता.
लोकांची लग्नं मी लावत गेलो, ही घरी
परत आलेल्या चादरींचे हळदीचे डाग काढत राहिली.
चपला बाहेर काढून ती पलंगाच्या कडेवर बसली,
पाय जमिनीला टेकेनात.
वर पाहिलं. बोट फिरवत गेली शिवणीवरून, गोल.
"एकतीसच हायेत."
मी म्हटलं, बत्तीस.
"एकतीस."
टॉर्च घेऊन दोनदा मोजल्या.
सातव्या आणि आठव्याच्या मधे
मन्सूरनं एक कळी खाल्ली होती, इतक्या सफाईनं
की तंबूलाही कळलं नसावं.

साडेबाराला लाईन गेली.
कूलर थांबला तसा पांढरा कपडा अंगावर आला.
गादी उचलून बाहेर टाकली,
गच्चीवर टाकतो तशी, डोकं उत्तरेला नको म्हणून फिरवून.
झाडांवर बोराएवढी हिरवी फळं.
तंबूत कंदील जळत होता, कोणाकरताच नाही.
खरंच एक रोही आली. दाराशी उभी राहिली,
सात हजारांचा वास घेतला, निघून गेली.

मला वाटलं सिंधू झोपली.
"थ्या फोटोतल्या मेंढ्या," ती म्हणाली,
"त्यायले राखणारा कुठी झोपते?"

फोटोत तो नव्हता.
मी म्हटलं, असेल आजूबाजूला.

सकाळी चादर ताणली, उशा ठोकल्या,
कूलरमध्ये पाणी भरलं.
बिल करायला बसलो
आणि बत्तीस खोडून
एकतीस लिहिलं.